तुम्ही विचारलंत म्हणून: काउंटरमागचा तो बारका माणूस

कोल्हापुरात माझं जर्सी छापायचं दुकान आहे. वर्ल्डकप आला की रात्री बारापर्यंत हीट प्रेस तापलेला असतो. निळे-पांढरे पट्टे आणि पाठीवर १०, पिवळा टीशर्ट आणि पाठीवर १०, दिवसभर हेच. त्या गर्दीत कुणी ना कुणी काउंटरमागच्या फोटोकडे बोट दाखवतंच. "काका, तुम्ही अर्जेंटिनावाले न्हवं? मग मेस्सी न्हाई, मॅराडोना न्हाई, ह्यो बारका कोन लावलाय?"

मी सांगतो, हा ऑसी आर्डिलेस. अर्जेंटिनाचा, पण दहा वर्षं इंग्लंडमध्ये टॉटनहॅम या लंडनच्या क्लबला खेळला. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग हाच का?" त्याचं उत्तर गिऱ्हाइकाला उभं ठेवून देता येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

जर्सीवाला असल्यामुळे आधी नंबर सांगतो. १९७८ च्या वर्ल्डकपला ओस्वाल्दो आर्डिलेस मिडफिल्डला खेळत होता आणि पाठीवर नंबर होता २. अर्जेंटिनाने त्या वेळी आडनावांच्या अक्षरक्रमाने नंबर वाटले होते. अलोन्सोला १, आर्डिलेसला २, आणि गोलकीपर फिल्लोलच्या पाठीवर ५. चार वर्षांनी स्पेनमध्ये तर आर्डिलेस एरवी गोलकीपरचा असणारा १ नंबर घालून मैदानभर पळत होता आणि गोलकीपरकडे ७ होता. माझ्याकडे कुणी अशी ऑर्डर आणली तर मी दोनदा विचारून घेईन.

२५ जून १९७८ ला ब्युनोस आयर्समध्ये अर्जेंटिनाने नेदरलंड्सला ३-१ हरवलं आणि जग जिंकलं. इकडे इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूंवर १९३१ पासून बंधन होतं, आधी दोन वर्षं देशात राहा, मगच खेळा. युरोपीय समुदायाच्या निर्णयामुळे १९७८ मध्ये ते सैल झालं. टॉटनहॅम नुकताच दुसऱ्या विभागातून वर चढून आला होता. त्यांचा मॅनेजर कीथ बर्किन्शॉ थेट ब्युनोस आयर्सला जाऊन आर्डिलेसला भेटला. बोलणं झटक्यात पक्कं झालं, तेव्हा आर्डिलेसने विचारलं, माझा मित्र रिकी व्हियालाही घ्याल का? बर्किन्शॉने लंडनला फोन लावला आणि दोघांना घेऊन परतला. दोघांचे मिळून साधारण साडेसात लाख पौंड पडले.

त्या काळी हे केवढं मोठं होतं, ते आज लक्षात येणार नाही. १९६६ च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंड-अर्जेंटिना सामना इतका कडवट झाला होता, की इंग्लंडच्या प्रशिक्षकाने अर्जेंटिनाच्या खेळाबद्दल बोलताना 'जनावरं' हा शब्द वापरला होता. त्याच देशातले दोघे आता लंडनच्या क्लबात आले. घरच्या पहिल्या सामन्यात व्हाइट हार्ट लेनच्या, म्हणजे टॉटनहॅमच्या मैदानावरच्या, प्रेक्षकांनी ब्युनोस आयर्ससारखे कागदाचे कपटे उधळून त्यांचं स्वागत केलं. तो सामना टॉटनहॅम १-४ हरला. दहा दिवसांनी लिव्हरपूलमध्ये ०-७. मैदानं जड, चिखलाची, आणि बचावपटू चेंडू उचलून सरळ पुढच्या गड्याच्या डोक्यावर मारणारे. मिडफिल्डरने मान वर करून तो आपल्या डोक्यावरून जाताना बघायचा.

आर्डिलेसने काय केलं ते जुन्या चित्रीकरणात नीट बघा. तो मागे येतो आणि बचावपटूकडे चेंडू मागतो. चेंडू येण्याआधी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पावलं अगदी छोटी, त्यामुळे समोरच्याला कळत नाही की हा आता कुठल्या पायाने वळणार. वळला की दहा फुटांवर साधा पास, आणि लगेच नव्या जागेवर जाऊन पुन्हा मागणी. शेजारी ग्लेन हॉडलसारखा लांब पास देणारा होता, त्याला चेंडू मोकळा मिळावा म्हणून हा दिवसभर राबायचा. मीही मिडफिल्डलाच खेळलो आहे, माझीही उंची बेताचीच. आयत्या वेळी चेंडू मागायला छाती लागते. चार जण अंगावर येत असताना 'मला दे' म्हणणारा गडी दहा संघांत एखादा मिळतो.

१९८१ ला टॉटनहॅमने एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या क्लबांचा बाद फेरीचा चषक, जिंकला. मँचेस्टर सिटीशी पहिला सामना १-१, पाच दिवसांनी पुन्हा खेळवला तेव्हा ३-२, आणि शेवटचा गोल व्हियाचा. चार-पाच जणांना चुकवत त्याने मारलेला तो गोल वेम्बलीवर आजही आठवला जातो. त्या चषकासाठी क्लबने गाणं केलं होतं, ते आर्डिलेसच्या नावाचंच होतं. गाण्यात त्याने क्लबचं नाव 'टॉटिंगम' असं उच्चारलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. आपल्याकडे बाहेरून आलेल्या सुनेचा एखादा शब्द अख्ख्या घरात रुजतो, तसंच.

आता मुद्द्यावर येतो.

२ एप्रिल १९८२, शुक्रवार. अर्जेंटिनाच्या सैन्याने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली. अर्जेंटिनात त्यांना माल्विनास म्हणतात. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अ‍ॅस्टन व्हिलाच्या मैदानावर एफए कपचा उपांत्य सामना होता, टॉटनहॅम विरुद्ध लेस्टर. आर्डिलेस खेळला. चेंडू त्याच्याकडे गेला की लेस्टरचे प्रेक्षक हुर्यो करत, आणि प्रत्येक वेळी टॉटनहॅमचे प्रेक्षक उलट 'अर्जेंटिना, अर्जेंटिना' ओरडत. देश युद्धाच्या उंबरठ्यावर उभा आणि हे इंग्रज लोक आपल्या एका गड्यासाठी शत्रूच्या देशाचं नाव घेत होते. बेटं अर्जेंटिनाला राहू देत, ऑसी आम्हाला राहू दे, अशा अर्थाचा फलकही त्यांनी केला होता. टॉटनहॅम २-० जिंकला.

सामन्यानंतर आर्डिलेस मायदेशी गेला. वर्ल्डकपच्या तयारीसाठी लवकर जायचं हे बर्किन्शॉशी आधीच ठरलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र तो युद्धामुळे निघून गेला असंच दिसलं. व्हिया इंग्लंडमध्येच थांबला होता, पण २२ मेच्या अंतिम सामन्यात त्याला उतरवलं नाही. आदल्याच दिवशी ब्रिटिश सैन्य बेटांवर उतरलं होतं.

त्याआधी, १ मे रोजी, होसे लेओनिदास आर्डिलेस या अर्जेंटिनी वैमानिकाचं विमान ब्रिटिशांच्या सी हॅरियर या लढाऊ विमानाने पाडलं. तो ऑसीचा चुलतभाऊ.

मग स्पेनचा वर्ल्डकप. तिथली वर्तमानपत्रं हातात पडली तेव्हा खेळाडूंना कळलं, की आपलं लष्करी सरकार विजयाच्या गोष्टी सांगत होतं त्या खोट्या होत्या. १३ जूनला अर्जेंटिना बेल्जियमकडून हरला आणि १४ जूनला बेटांवरच्या अर्जेंटिनी सैन्याने शस्त्रं खाली ठेवली. अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले. आर्डिलेसला लगेच लंडनला जाणं शक्यच नव्हतं. तो पॅरिस सेंट जर्मेनला उसना गेला, पण तिथे त्याचं मन लागलं नाही.

आणि १९८३ च्या जानेवारीत तो परत आला. माझं उत्तर इथे आहे.

तरुणपणी मी एका तालमीकडून खेळायचो. एका मोसमात दुसऱ्या तालमीत गेलो. जुन्या संघाशी सामना लागला तेव्हा गॅलरीतून आईवरून शिव्या आल्या, आणि देणाऱ्यांत माझ्याच बाकावर बसलेली शाळेतली पोरं होती. तो मोसम कसाबसा संपवला आणि बूट माळ्यावर टाकले. पुन्हा खेळलो नाही. दोन पेठांमधलं अंतर चालत दहा मिनिटांचं, तेवढं मला पार करता आलं नाही. याचं वाईट मला आजही वाटतं.

आर्डिलेसला पॅरिसमध्ये राहता आलं असतं, स्पेनमध्ये किंवा इटलीत जाता आलं असतं. परगावच्या मैदानांवर काय ऐकावं लागेल हे त्याला ठाऊक होतं. भाऊ गेलेला, आणि ज्या देशाच्या विमानाने त्याला पाडलं त्याच देशात तो पुन्हा रोज सकाळी सरावाला जाऊ लागला. आल्यावर थोड्याच दिवसांत पायाचं हाड मोडलं. तरीही तो गेला नाही. २३ मे १९८४ ला यूईएफए कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत, अँडरलेख्टविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात, टॉटनहॅम ०-१ मागे असताना तो बदली म्हणून उतरला. त्याने मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून परत आला, आणि ती गडबड निवळायच्या आत ग्रॅहम रॉबर्ट्सने बरोबरी केली. पेनल्टींवर चषक टॉटनहॅमला मिळाला.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९८८ पर्यंत तो टॉटनहॅमला राहिला. मॅनेजर म्हणून स्विंडन या क्लबला वरच्या विभागाचं तिकीट मिळवून दिलं, पण क्लबच्या जुन्या बेकायदा पैशांच्या प्रकरणामुळे ते काढून घेतलं गेलं. न्यूकॅसल, वेस्ट ब्रॉम, मग १९९३ मध्ये पुन्हा टॉटनहॅम, तिथे वर्षभराने नारळ मिळाला. २०१४ मध्ये व्हियाबरोबर माहितीपटासाठी तो फॉकलंडला गेला असताना गाडी उलटली. डोक्याला मार लागला, आणि त्याच्यावर उपचार झाले ते त्या बेटांवरच, स्टॅन्लीच्या इस्पितळात.

माझ्या फोटोत तो टॉटनहॅमच्या पांढऱ्या जर्सीत आहे, छातीवर क्लबचा कोंबडा. जी पोरं मॅराडोना कुठे म्हणून विचारतात त्यांना मी व्हाइट हार्ट लेनवरची एक संध्याकाळ सांगतो. क्लबने आर्डिलेसच्या सन्मानासाठी इंटर मिलानशी सामना ठेवला. मॅराडोना त्याच्यासाठी लंडनला आला. बूट आणले नव्हते, क्लाइव्ह अ‍ॅलनने आपले दिले. १० नंबर हॉडलचा, तो त्याने स्वतः उतरवून पाहुण्याला दिला आणि आपण ११ घातला. युद्धाला चार वर्षं झाली होती आणि पाठीवर १० घेतलेल्या त्या अर्जेंटिनी पोराला लंडनच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. आठेक आठवड्यांनी मेक्सिकोच्या वर्ल्डकपमध्ये त्याच पोराने इंग्लंडवर ते दोन प्रसिद्ध गोल मारले. पण त्या संध्याकाळी तो टॉटनहॅमच्या पांढऱ्या जर्सीत, मित्राच्या शेजारी उभा होता.

तारीख होती १ मे १९८६.