पगार ठरलेला, मिनिटे मात्र रोज कमवायची

कॅनडातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी व्यावसायिक आइस हॉकीचा सामना पाहायला गेले, तेव्हा योगायोगाने यजमान संघाच्या बाकामागची जागा मिळाली. या खेळात खेळाडू साधारण पाऊण मिनिटाच्या पाळ्यांनी बर्फावर उतरतात आणि पुढची पाळी कोणाची, हे प्रशिक्षक ठरवतात. दुसऱ्या सत्रात एका खेळाडूने निष्काळजीपणे पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, गमावला आणि गोल झाला. त्यानंतर तीन वेळा त्याची पाळी आली आणि तिन्ही वेळा त्याच्याऐवजी दुसराच उतरला. प्रशिक्षक त्याला एक शब्दही बोलले नाहीत. तो मान खाली घालून काठीवरची चिकटपट्टी नखाने उकरत बसला होता. रागावण्यापेक्षा ही शिक्षा कितीतरी कठोर आहे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

या शिक्षेमागचे कारण मला हळूहळू उमगले. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीग या प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत २०२५-२६ च्या हंगामात किमान वार्षिक वेतनच ७,७५,००० डॉलर होते आणि नामांकित खेळाडूंचे करार त्याच्या कितीतरी पट मोठे असतात. करार एकदा झाला की खेळ खराब झाला म्हणून पगार कापता येत नाही; २६ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या खेळाडूचा करार मुदतीआधी संपवायचा म्हटले, तरी उरलेल्या वेतनाचे दोन तृतीयांश द्यावेच लागतात. म्हणजे पैशाचा धाक प्रशिक्षकाच्या हाती नाही. त्याच्या हाती असतात ती सामन्यातली ६० मिनिटे, आणि ती कोणाला किती द्यायची याचा अधिकार.

शिवाय पैसा हीच प्रेरणा असती, तर खेळाडू बाद फेरीत जीव तोडून खेळलेच नसते. ठरलेला पगार नियमित हंगामातच चुकता होतो. लीगच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅन्ले चषकाच्या बाद फेरीत मिळतो तो केवळ बोनसचा वाटा, जो मोठ्या खेळाडूच्या दृष्टीने किरकोळ असतो. तरीही २०१३ च्या अंतिम फेरीत बॉस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन मोडलेली बरगडी आणि निखळलेला खांदा घेऊन खेळला. त्याला चेतवण्याची गरज कोणालाच नव्हती. प्रशिक्षकाचे खरे कसब लागते ते लांबलचक नियमित हंगामात, जानेवारीतल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या मंगळवारी. ३ जानेवारी २०१९ रोजी सेंट लुईस ब्लूज संघ गुणतक्त्यात अगदी तळाशी होता. नोव्हेंबरात सूत्रे हाती घेतलेल्या क्रेग बेरूबी यांच्या हाताखाली बहुतांशी त्याच खेळाडूंनी, त्याच पगारात, जूनमध्ये चषक जिंकला.

हेच हत्यार चुकीच्या वेळी उगारले, तर काय होते, हे माँट्रियलने २ डिसेंबर १९९५ रोजी पाहिले. डेट्रॉइटविरुद्ध घरच्या मैदानावर गोलांचा पाऊस पडत असताना प्रशिक्षक मारियो ट्रॅम्बले यांनी गोलरक्षक पॅट्रिक रॉयला नऊ गोल होईपर्यंत बाहेर बोलावले नाही. त्याला मिनिटे नाकारली नव्हती, उलट नको असताना लादली होती, आणि तीही प्रेक्षक त्याची खिल्ली उडवत असताना. बाहेर आल्यावर रॉय प्रशिक्षकांसमोरून तडक निघाला आणि बाकामागे बसलेल्या क्लबच्या अध्यक्षांना त्याने सांगितले की माँट्रियलसाठी हा आपला शेवटचा सामना. चार दिवसांत तो कोलोरॅडोकडे गेला, आणि पुढच्या जूनमध्ये चषक त्याच्या हातात होता.