हिकिते काही सुटेना: नोंद ७

शनिवारच्या बॉक्सिंगच्या स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) पुन्हा तेच. जॅब (पुढच्या, म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा) निघाला की उजवा हात गालावरून सुटतो आणि थेट पट्ट्याच्या गाठीशी जाऊन बसतो. दुसऱ्या राऊंडमध्ये त्याच मोकळ्या गालावर चार डावे हुक (बाजूने वळून येणारे ठोसे). १६ औंसचे ग्लोव्ह आणि हेडगार्ड होतं म्हणून निभावलं. कोच दोरीबाहेरून ओरडले, "हात खिशात ठेवला काय बे?" खिशात नाही, कमरेला. हेच ते हिकिते: एक हात मारताना दुसरा कमरेला ओढून घेण्याची कराटेतली सवय, बॉक्सिंगला आलो तरी न सुटलेली. शोतोकान शैलीच्या कराटेवाल्यांना वेगळं सांगायला नको.

मागच्या नोंदीत मिरवलेला आकडा (पंचिंग बॅगवर ५० क्रॉसपैकी, म्हणजे मागच्या उजव्या हाताच्या सरळ ठोशांपैकी, ४४ वेळा ग्लोव्ह हनुवटीशी परत) आता कुचकामाचा वाटतोय. बॅग उलटा हात मारत नाही, त्यामुळे तिथे हात सावकाश, आठवून-आठवून वर नेता येतो. समोरून जॅब आला की आठवायला वेळ कुठला, जुनी सवयच धावून येते.

म्हणून तिन्ही राऊंडचं चित्रीकरण एकेक फ्रेम थांबवून पाहिलं. मोबाईल सेकंदाला ६० फ्रेमवर, कमरेच्या उंचीला, बाजूने, साधारण अडीच मीटरवर. समोरून काढलं तर हात किती खाली गेला ते कळतच नाही. आणि तिथे उलगडा झाला: सहा आठवडे आपण ज्याला "हात पडतो" म्हणत होतो, ते दोन वेगळे दोष आहेत. दोन्हींवर एकच औषध चाललं होतं, म्हणून गाडी हलत नव्हती.

पहिला दोष न मारणाऱ्या हाताचा. किहोनमध्ये (कराटेच्या मूलभूत तंत्रांच्या सरावात) एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा कमरेला ओढला जातो आणि त्या ओढीवर धड फिरतं. हजारो वेळा घोटलेली जोडी आहे ती. बॉक्सिंगमध्ये क्रॉसची फिरकी मागच्या पायाच्या चवड्यावरून येते. झेनकुत्सु-दाचीच्या (कराटेतला पुढचा गुडघा वाकवलेला लांब पवित्रा) सवयीने मागची टाच जमिनीला चिकटून राहिली, तर पायातून फिरकी मिळत नाही आणि शरीर ती हिकितेतून वसूल करतं. म्हणजे क्रॉसच्या वेळी डावा हात पडण्याचं मूळ टाचेत आहे. चित्रीकरणात तसंच दिसतं: जिथे टाच उचलली, तिथे डावा हात बहुतेक जागेवर. जॅबला फिरकी कमी लागते, तरी उजवा जातोच, कारण किझामी-झुकीलाही (कराटेतला पुढच्या हाताचा ठोसा) तो कमरेलाच असायचा. ती मात्र निव्वळ सवय.

दुसरा दोष मारलेल्या हाताच्या परतीचा. कुमितेत (कराटेच्या लढतीत) ग्याकू-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) स्वच्छ दिसावा म्हणून हात झटक्यात ओढून घेतात, युकोचा एक गुण मिळतो, रेफ्री "यामे" (थांबा) म्हणतो आणि काम थांबतं. बॉक्सिंगमध्ये कोणी थांबवत नाही. ग्लोव्ह खालून कमान करत परत येतो आणि नेमक्या त्या क्षणी डोकं उघडं. हात ज्या रेषेत गेला, त्याच रेषेत परत यायला हवा.

पहिल्या दोषावर कागद. वर्तमानपत्राची चौपदरी घडी उजवा ग्लोव्ह आणि गाल यांच्यात धरायची आणि फक्त जॅब मारायचा, दोन-दोन मिनिटांचे तीन राऊंड. घडी पडली की थांबायचं, तीन सेकंद मोजायचे, स्टान्स नीट करून पुन्हा. वेग वाढवायचा मोह टाळा. घडी टिकवायला लोक मान वाकडी करून ग्लोव्ह दाबतात, ते चालत नाही.

दुसऱ्यावर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ते काळं फोम. नागपुरात सीताबर्डीत एसी-कूलरच्या सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतं. हातभर लांबीचा तुकडा पुरे. पॅड धरणाऱ्याने क्रॉस लागल्यावर अर्ध्या ठेक्याने उजव्या गालाच्या दिशेने तो फिरवायचा, दर पाचातून दोन-तीनदाच आणि क्रम न ठरवता. दर वेळी फिरवला तर हात तालावर वर येतो, गरजेपोटी नाही. टोकाने खुपसायचं नाही, डोळ्याला लागेल. आडव्या बाजूनेच मारायचं. फोम गालावर फटकन वाजलं की कोचच्या ओरडण्यापेक्षा लवकर कळतं.

आठवडाभराने फक्त जॅबचं स्पारिंग: ५० जॅबपैकी ३१ वेळा उजवा गालावर. एकतीस! महिन्यापूर्वी हाच आकडा १२ होता. पण मोजणी आता तिसऱ्या राऊंडचीच करायची. पहिल्या राऊंडमध्ये सगळेच शहाणे असतात. खांदे भरून आले की हिकिते परत येतं.

बॅगबद्दल थोडं. ऑनलाइन मागवलेल्या रिकाम्या बॅगेत वाळू घालण्याचा सल्ला देणाऱ्यांनी ती एकदा मारून बघावी. दोन महिन्यांत वाळू तळाला बसते, खालचा भाग दगड होतो, वर नुसती पिशवी. आमची उपसून गांधीबागेतल्या शिंप्यांकडच्या कातरणीने भरली. वीतभर थर घालायचा, दांड्याने ठोकायचा, मग पुढचा. झिप आणि बटणं आधी वेचून काढा. ग्लोव्ह सध्याच्या दमट हवेत सामानाच्या बॅगेत कोंबू नका. वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली.

आता वेळापत्रक. ठरलं होतं की दोन महिने कराटे पूर्ण बंद. हे लिहिता लिहिता ते चुकीचं वाटायला लागलंय. काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) आणि किहोनमध्ये हिकितेला हक्काची जागा आहे, तिथे ते बॉक्सिंगच्या आड येत नाही. गोंधळ होतो तो कुमितेत, कारण ते बॉक्सिंगसारखंच दिसतं: समोर माणूस, मोकळी हालचाल, अंतर. तेव्हा मंगळवार-गुरुवार डोजोत (कराटेच्या वर्गात) फक्त काता-किहोन, तेही अनवाणी; सोमवार-बुधवार-शनिवार बॉक्सिंग, शूज घालूनच. पायाला बूट लागला की शरीराला कळावं आज कोणता खेळ आहे. एका दिवशी दोन्ही नाही. रेशीमबागेवरची सकाळची शॅडोसुद्धा (हवेत ठोसे मारण्याचा सराव) आता शूज घालूनच.

अडचण एकच. दिवाळीआधी ग्रेडिंग (कराटेची पट्ट्याची परीक्षा) आहे आणि त्यात कुमिते आहेच. सेन्सेईंना (कराटेच्या गुरूंना) विचारलं तर म्हणाले, शेवटचे तीन आठवडे कुमिते करा, त्या काळात बॉक्सिंगमध्ये स्पारिंग नको, पॅड आणि दोरीवरच्या उड्या तेवढ्या ठेवा. कोचलाही हे मान्य आहे, फक्त कागदाची घडी रोज हवी म्हणतात.

मागच्या नोंदीनंतर डावखुऱ्यांचं काय, असं वाचकांकडून विचारलं गेलं होतं. कागद डाव्या गालाला, फोमही डावीकडे, बाकी सगळं तेच. पुढची मोजणी तिसऱ्या राऊंडची, टाच उचलली की नाही हा रकाना वेगळा धरून.