फियाटच्या दाराचं रबर आणि तोरिनोतला दुकानदार

दुकानात माल आहे, माझ्या खिशात पैसे आहेत आणि दुकानदार म्हणतो देणार नाही. का, तर आधी जुन्या रबराचा तुकडा दाखवा, मग बोलू. गाडीचं नाव, मॉडेल, साल सगळं सांगितलं तरी उत्तर तेच. इटलीत, तोरिनोत राहून बरीच वर्षं झाली, इथल्या कागदपत्रांची, रांगांची सवय झालीय, पण गिऱ्हाईकाला असं परत पाठवलेलं पहिल्यांदाच बघितलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी प्रचंड राग आला होता.

विषय दाराच्या रबराचा. आपल्याकडे गॅरेजवाले ज्याला बीडिंग म्हणतात ते. दाराच्या कडेनं फिरणारं, काचेखालचं, डिकीचं, विंडशील्डचं, सगळंच बदलायचंय. गाडी १९६३ ची फियाट ११०० डी, इथले लोक तिला मिल्लेचेंतो, म्हणजे अकराशे, म्हणतात. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर पहिलाच मेसेज आला, अरे ही तर पद्मिनी! आहेच. फियाटनं हे मॉडेल १९६२ ला काढलं, इथं १९६६ पर्यंत बनवलं, आणि आपल्याकडे प्रीमियरनं कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ ला सुरू केलं ते पद्मिनी नावानं पार नवीन शतक उजाडेपर्यंत चालू ठेवलं. मुंबईत ज्यानं काळी-पिवळी टॅक्सीत मागे चौघं बसून प्रवास केलाय त्याला ही गाडी मी वेगळी काय समजावून सांगणार.

इंजिन ठीक आहे, डेंटिंग-पेंटिंग झालं, क्रोम झालं. लोक या गोष्टींवर जीव टाकतात आणि रबराकडे सगळ्यात शेवटी बघतात, माझ्या मते हा क्रमच उलटा आहे, कारण जुनी गाडी सडते ती बहुतेक वेळा रबरामुळं. वरून शाबूत दिसतं पण बोटानं दाबलं की कळतं, वर्षानुवर्षं दाराखाली दबून ते चपटं झालेलं असतं, परत फुगत नाही, आणि हवेतला ओझोन आणि ऊन मिळून त्याला बारीक बारीक चिरा पाडतात. मग पाणी आत येतं, मॅटखाली मुरतं, वरून काही दिसत नाही आणि एक दिवस मॅट उचलली की फ्लोअरला भोक. तेव्हा रबर हे काही सजावटीचं सामान नाही, पत्र्याचं आयुष्य त्याच्यावर आहे.

तर मी परत गेलो, तुकडा घेऊन. दुकान जुनं, भिंतभर लाकडी खण, आणि मागे रबराच्या वेटोळ्यांची रास, सगळं मीटरवर विकतात. म्हाताऱ्यानं चष्मा लावला, ब्लेडनं तुकड्याचं टोक काटकोनात साफ कापलं, ते टोक स्टॅम्प पॅडवर दाबलं आणि सातबाऱ्यावर अंगठा उठवावा तसा कागदावर उठवलं. कागदावर त्या रबराचा आडवा छेद जसाच्या तसा, वर पोकळ फुगा, खाली चपटी पट्टी, पट्टीला एक बारीक खाच. मग त्यानं एक जाड कॅटलॉग काढला, त्यात शेकडो छेद खऱ्या मापात छापलेले, प्रत्येकाला नंबर, आणि हा माणूस आपला कागद एकेका चित्रावर ठेवून उजेडात धरून बघतोय, सावकाश, मागे दोन गिऱ्हाइकं उभी आहेत आणि कुणी चुळबूळसुद्धा करत नाही.

एक सापडलं, फक्त फुगा साधारण दोन मिलिमीटर मोठा होता. मी म्हटलं, द्या, बसेल. तो म्हणाला, नाही बसणार. मी म्हटलं रबरच आहे, दबेल की. मग त्यानं मला जे समजावलं ते मला आजपर्यंत कुठल्याही व्हिडिओत इतकं स्पष्ट मिळालं नव्हतं. फुगा मोठा झाला की दार आपटल्याशिवाय लॉक होत नाही, रोज आपटून बिजागऱ्या आणि लॉक झिजतात, दार बॉडीच्या रेषेच्या बाहेर उभं राहतं आणि बघणारा म्हणतो डेंटिंग वाईट झालंय, बिचाऱ्या डेंटरचा काही दोष नसताना. फुगा लहान घेतला तर हायवेला शिट्टी वाजते आणि पाणी येतंच. म्हणून आधी फट मोजा. चौकटीला ठिकठिकाणी प्लास्टिसिनचे, म्हणजे मुलांच्या खेळायच्या मऊ मातीचे, गोळे लावायचे, वर पातळ प्लास्टिकचा कागद, दार हळू बंद करायचं, उघडायचं आणि गोळ्याची उरलेली जाडी मोजायची. फुगा साधारण पाव ते एकतृतीयांश दबेल असा घ्यायचा. माझ्या गाडीला वर बिजागरीकडे फट कमी आणि खाली मागच्या कोपऱ्यात जास्त निघाली, म्हणजे आधी दार ॲडजस्ट करा, रबर नंतर. हे त्यानं गाडी न बघता सांगितलं होतं!

योग्य रबर त्यानं मागवून दिलं. दोन मिलिमीटरसाठी धंदा सोडणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो, पहिल्या दिवशीचा राग कुठल्या कुठं गेला. आपल्याकडे मला निदान तीन दुकानांत तरी ऐकावं लागलं असतं, साहेब घ्या, सगळ्यांना हेच बसतंय.

अजून एक गोष्ट त्याच्याकडूनच कळली आणि मग मी वाचत बसलो. नवीन रबर बहुतेक ईपीडीएमचं, म्हणजे एका कृत्रिम रबराचं असतं. नैसर्गिक रबराच्या रेणूच्या मुख्य साखळीतच दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका तिथं घाव घालतो, ईपीडीएममध्ये हे बंध मुख्य साखळीच्या बाहेर बाजूला असतात त्यामुळं ओझोननं साखळी तुटत नाही आणि चिरा पडत नाहीत. या रबराच्या मुळाशी जे उत्प्रेरक आहेत त्यांच्यावर काम करणारे ज्युलिओ नात्ता इथून दीड-दोन तासांवर मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये होते, आणि त्यांना जर्मनीच्या कार्ल त्सिग्लर यांच्याबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते १९६३ ला, म्हणजे माझ्या गाडीच्याच सालात. मला हे वाचून इतकं भारी वाटलं की बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. फक्त एक लक्षात ठेवा, ईपीडीएमला तेल, पेट्रोल, ग्रीस चालत नाही, फुगतं ते. चोळायचं तर सिलिकॉनचं काहीतरी.

बसवताना जोड दाराच्या खालच्या बाजूला ठेवा, ओढून ताणून लावू नका, कारण ताणलेलं रबर काही महिन्यांनी आखडतं आणि जोड उघडतो. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती सोल्युशननं बुजवू नका, काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच, ते तिथून बाहेर पडायला हवं. बसवून झालं की कागदाची पट्टी दारात धरून ओढून बघा, सगळीकडे सारखी अडली पाहिजे.

हे सगळं कौतुक लिहितोय पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. इथल्या मित्रमंडळींत मुंबईच्या टॅक्सीचा विषय निघाला की एक सूर असतो, तुम्ही लोकांनी या गाडीचे हाल केले वगैरे. हाल? इथं ही चार-पाच वर्षं बनली आणि आता रविवारच्या मेळाव्यात मऊ कपड्यानं पुसली जाते. आपल्याकडे तिनं पिढ्यान् पिढ्या घरं चालवली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ऑक्टोबर २०२३ मध्ये, तीही २० वर्षांची मर्यादा संपली म्हणून, गाडी थकली म्हणून नाही. आणि मुंबईचा पाऊस खाऊन, समुद्राची खारी हवा खाऊन. ज्या मिस्त्रीनं कॅटलॉग कधी बघितला नाही, जो बोटानं फट चाचपून सांगायचा की इथं जाड लाव, तिथं पातळ, रात्रभर दार बंद ठेव, सकाळी उघड, त्याला तेच कळत होतं जे या म्हाताऱ्याला कळतं. फक्त ते कुणी लिहून ठेवलं नाही. ही आपली चूक आहे, ती मी मान्य करतो, पण अडाणीपणा म्हणू नका.

याचा पुरावाही माझ्याकडे आहे. पुढच्या दारावरच्या छोट्या तिकोनी काचेचं रबर इथं मला कुठंच धड मिळेना. मावसभावाला सांगितलं, तो कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेला आणि फोन केला, "दादा, इथला उस्ताद विचारतोय डावं की उजवं, दोन्ही पाठवू का?" दोन्ही आली. थोडं कडक होतं, कोपऱ्यात किंचित घासावं लागलं, पण बसलं, आणि पावसात थेंब आत आला नाही. मी मुद्दाम ते म्हाताऱ्याला दाखवायला नेलं. त्यानं दोन्ही बाजूंनी बघितलं, शिक्का उठवला, आणि आपल्या वहीत चिकटवून शेजारी लिहिलं "बॉम्बे". मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो कसा सांगू.

मग काही जण विचारतात, इतकं आहे तर गाडी तिकडेच का नाही केलीस. केली असती. पण आपल्याकडे २०२१ च्या व्हिंटेज नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नवी नोंदणी करायची तर २० हजार रुपये भरून व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा आणि मग ती रोज चालवायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच काढायची. इथं ३० वर्षं झाली की गाडीवरचा नेहमीचा वार्षिक कर माफ, रस्त्यावर आणली तर वर्षाला एक किरकोळ ठरावीक रक्कम आणि दर दोन वर्षांनी तपासणी, बाकी शहरातले प्रदूषणाचे निर्बंध आड आले नाहीत तर ऑफिसला न्या नाहीतर भाजी आणायला न्या. मला गाडी चालवायचीय, झाकून ठेवायची नाहीये. म्हणून ती इथं आहे, आणि मला वाटतं हे कारण पुरेसं आहे.

आता राहिलंय मागच्या दारांच्या काचेखालचं बाहेरच्या बाजूचं रबर, क्लिपांवर बसतं ते. सप्टेंबरात इमोलाच्या रेसच्या सर्किटवर जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, तिथं शोधणार आहेच. पण त्याआधी तुमच्यापैकी कुणाच्या अंगणात, सोसायटीच्या मागे, मामाच्या गोठ्यात पद्मिनी उभी असेल तर या रबराचा १० सेंटिमीटरचा तुकडा हवाय. टोक काटकोनात कापा, शेजारी स्केल ठेवा आणि फोटो अगदी समोरून काढा, तिरका नको. आणि रबर ओढू नका, आधी आतून क्लिपा मोकळ्या करा, त्या तुटल्या तर त्याही मिळत नाहीत.