हुंबरळीच्या ओढ्यावर एक रात्र

कोयनेच्या खोऱ्यात लोक जातात ते धबधबे बघायला, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये. आम्हाला हवा होता त्याआधीचा काळ. पाऊस नुकताच लागलेला, ओढे वाहते झालेले, पण माणूस आत उतरू शकेल इतपतच. कराड, पाटण, कोयनानगर आणि तिथून घाट चढून हुंबरळी. ज्यांच्याकडे उतरलो त्या काकांना आमचं काम सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बेडकं बगायला एवढ्या लांब? पावसात तर अंगणातच येत्यात की." येतात, पण ती वेगळी. आमचा बेडूक ओढा सोडून अंगणात यायचा नाही.

त्याचं शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. हुमायूनचा रातबेडूक म्हणा. पक्षीशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून भादुरी आणि कृपलानी यांनी १९५५ मध्ये हे नाव दिलं. माणूस योग्य निवडला होता असं मला वाटतं, कारण पुढे बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध अब्दुलअलींनीच आवाज उठवला. ती निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली.

अंधार पडल्यावर ओढ्यात उतरलो. जळवा, निसरडा कातळ, वरून टपटपणारं पाणी, हे सगळं सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सांगायला नको. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर बॅटरी फिरवत सावकाश पुढे जायचं, एवढंच काम. पहिला नर दिसला तो कमरेएवढ्या उंचीवर, पानावर. लांबी चारेक सेंटीमीटर, पाठीची कातडी सुरकुतलेली, डोळ्यांत शंकरपाळ्यासारखी चौकोनी बाहुली. ही बाहुली रातबेडकांची खूण. नराच्या मांडीच्या आतल्या बाजूला फुगीर ग्रंथीही असते, पण ती बघायला त्याला हातात घ्यावं लागतं आणि आम्हाला ते करायचं नव्हतं.

याच गावच्या ओढ्यावर या बेडकाची जी गोष्ट उलगडली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेक बेडकांत नर मादीला पाठीमागून घट्ट धरतो आणि ती अंडी घालत असतानाच त्यांवर शुक्राणू सोडतो. या धरण्याचे सहा प्रकार तोवर माहीत होते. हुमायुनीचा नर मादीच्या पाठीवर बसतो खरा, पण तिला धरतच नाही. हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, शुक्राणू तिच्या पाठीवर सोडतो आणि उतरतो. अंडी ती नंतर, तो बाजूला झाल्यावर घालते. पाठीवरचे शुक्राणू मागच्या पायांवरून ओघळत अंड्यांपर्यंत पोचतात. हा झाला सातवा प्रकार. शिवाय या जातीत मादीही साद घालते, आणि बेडकांमध्ये ही गोष्ट दुर्मीळ आहे.

आम्हाला जोडी दिसली नाही. अंडी मात्र दिसली. पानावर चिकटलेला पारदर्शक पुंजका, बरोबर पाण्याच्या वर. टॅडपोल बाहेर पडले की थेट ओढ्यात पडणार. ती फांदी कुणी रस्ता रुंद करताना तोडली, तर ओढा तसाच राहील आणि बेडकाची जागा जाईल. जंगल वाचवायचं म्हणताना काठावरचा हा झाडोरा सहसा कुणाच्या हिशेबात नसतो.

परत आल्यावर चहा घेताना वाद झाला तो ही जात नेमकी कुठवर पसरली आहे यावर. माझं म्हणणं असं, की बेडकाच्या प्रसाराचा नकाशा डोंगरापेक्षा नावांमुळे जास्त बदलतो. निक्टिबॅट्रॅकस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, प्राणिशास्त्रज्ञ बूलँजेने १८८२ मध्ये मांडली. ती फक्त पश्चिम घाटात सापडते. २००५ मध्ये कर्नाटकातल्या कॅसल रॉकच्या रातबेडकांना पेट्रियस हे स्वतंत्र नाव मिळालं. २०११ मध्ये बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या प्रजातीची फेरतपासणी करून एकदम बारा नव्या जाती नोंदवल्या. २०१७ मध्ये आणखी सात आल्या, त्यातल्या चार तर दोन सेंटीमीटरसुद्धा न भरणाऱ्या. अशा प्रत्येक वेळी जुन्या नोंदी पुन्हा चाळाव्या लागतात. हुमायुनीचं घर आता महाराष्ट्राच्या सह्याद्रीपुरतं मानलं जातं.

आणि त्या महाराष्ट्रातही तो एकटा नाही. २०११ च्या बारांपैकी डॅनिएली हा सातारा-पुण्याकडच्याच डोंगरांतला. त्याला निसर्ग अभ्यासक जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलंय. म्हणून नुसत्या फोटोवर 'हुमायुनी' असं लिहून मोकळं होणं मला पटत नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग हवं, ओढ्याची उंची हवी, बेडूक पानावर होता की कातळावर तेही हवं. मित्राचं मत उलट: एवढं सगळं मागितलंत तर हौशी माणूस नोंदच करणार नाही, आणि सह्याद्रीतल्या निम्म्या ओढ्यांवर हौशी माणसाशिवाय दुसरं कुणी फिरकत नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

शेवटी वहीत गाव, उंची, पान पाण्यापासून किती वर होतं आणि तापमान लिहिलं. नावाच्या रकान्यात आधी फक्त प्रजाती टाकली. जातीचं नाव रेकॉर्डिंग नीट ऐकून मगच लिहायचं, यावर दोघांचं एकमत झालं.