खात्यातले ६१२ पौंड

गेल्या हिवाळ्यात माझी एक मैत्रीण लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आली. डब्यांचा धंदा बसला होता, क्रेडिट कार्डांची देणी फेडणं हाताबाहेर गेलं होतं आणि ती दिवाळखोरीचा अर्ज भरत होती. बँक खात्यांच्या रकान्यापाशी ती थांबली. "हे पण लिहायचं का गं? हे तर भाड्याचे आणि किराण्याचे आहेत." रोजच्या खात्यात ६१२ पौंड होते.

लिहायचं. पै न पै लिहायची.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हा अर्ज ऑनलाइन असतो. फी ६८० पौंड. ती थोडी थोडी भरता येते, पण पूर्ण भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाच एवढी फी, हे मला आजही खुपतं. तिचा जीव मात्र त्या ६१२ मध्ये अडकला होता. आज लिहिलेला आकडा परवा भाडं गेलं की बदलणारच, मग खोटं लिहिलं असं ठरेल का? तसं ठरत नाही. अर्ज पाठवताना असेल ती शिल्लक लिहायची, त्या दिवसाचं स्टेटमेंट जपून ठेवायचं आणि पुढे ऑफिशियल रिसीव्हरच्या (दिवाळखोराची मालमत्ता आणि देणी तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) कार्यालयाने विचारलं की काय कुठे खर्च झालं ते सांगायचं.

तिच्या मनात दुसरंच आलं होतं. "साताऱ्याला भावाला पाठवून देते, तो सांभाळेल." मी तिचा हातच धरला. अर्जाआधी नातेवाइकाकडे वळवलेले पैसे स्टेटमेंटमध्ये दिसतात. एरवी १२ महिन्यांत माणूस दिवाळखोरीतून मोकळा होतो. लपवाछपवी निघाली तर निर्बंध २ ते १५ वर्षांपर्यंत वाढू शकतात आणि १९८६च्या दिवाळखोरी कायद्याप्रमाणे तो गुन्हाही ठरतो. भाड्याच्या पैशांपायी एवढं कुणी ओढवून घेऊ नये.

भीती खरी असते ती खातं गोठण्याची. दिवाळखोरीचा आदेश निघाला की बँक खातं बंद ठेवू शकते, संयुक्त खातंसुद्धा. रोजच्या गरजेपुरती रक्कम सोडायला ऑफिशियल रिसीव्हर बँकेला सांगू शकतो, पण त्यात दिवस जातात आणि घरात लहान मूल असलं की ते दिवस फार लांब वाटतात. म्हणून तिने आधीच, जिथे एक पौंडही देणं नव्हतं अशा बँकेत साधं खातं उघडलं आणि पगार तिकडे वळवला. ज्या बँकेचं कर्ज आहे तिथेच पैसे ठेवले तर ती आपल्या देण्यापोटी वळते करून घेऊ शकते. नवं खातंही अर्जात लिहिलं. घरात ठेवलेली थोडी रोख रक्कमसुद्धा.

आणि भारतातलं? हे आपल्या माणसांना सांगायलाच मी लिहायला बसले. मालमत्ता जगात कुठेही असो, ती जाहीर करावी लागते. एनआरई, एनआरओ (म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांची तिथल्या बँकांतली) खाती, वडिलांसोबतची एफडी, सगळं. "ती एफडी बाबांनी भरलीय, नाव फक्त लागलंय," ती म्हणाली. मग तसंच लिहायचं, कागदासकट. त्या रात्री तिने वडिलांना फोन केला आणि कर्जाचं पहिल्यांदा सांगितलं. बराच वेळ दोघंही गप्प होते. मग बाबांनी विचारलं, "पावत्या कोणत्या वर्षापासूनच्या पाठवू?"