तुम्ही विचारलंत म्हणून : जमेच्या बाजूची ओळ

कोल्हापुरातील एका सहकारी बँकेच्या काउंटरमागे मी बत्तीस वर्षे काढली. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी दहावी-बारावीचे निकाल लागले की महाद्वार रोडवर, भाजीच्या पाटीसमोर किंवा रंकाळ्यावर फिरताना कोणी ना कोणी थांबवून विचारतेच, “मॅडम, पोरगं आता कॉलेजला जाणार, त्याचं खातं कुठल्या बँकेत काढू?” घाईत असले की मी घराजवळची एखादी शाखा सुचवून पुढे जाते. तुम्ही मात्र विचारलेत आणि ऐकायला बसलातही, म्हणून सविस्तर लिहिते.

बँक कोणती, याचे उत्तर छोटे आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली आणि ठेव विम्याखाली येणारी कोणतीही बँक चालेल. एका बँकेतील एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याजाला मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. ही मर्यादा १९९३ पासून १ लाख होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नसते. आपल्याकडे बँक आणि पतसंस्था हे दोन शब्द एका दमात उच्चारले जातात आणि रोज संध्याकाळी दुकानाच्या दारात येणाऱ्या पिग्मीवाल्या काकांवर सगळ्यांचाच जीव असतो, म्हणून हा फरक मुलाला पहिल्याच दिवशी सांगावा. अठरा वर्षांची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाने खाते उघडून ते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे.

खाते काढून दिल्यावर ते खरोखर मुलाच्या हातात असते का, हा मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. माझ्या बहिणीचा मुलगा अभियांत्रिकीला कागल तालुक्यातून कोल्हापुरात आला, तेव्हा त्याचे खाते आधीच काढलेले होते. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल जमा झाले की बहीण त्यातून काही रक्कम त्याच्या खात्यात टाकत असे. डेबिट कार्ड त्याच्या खिशात होते आणि यूपीआय त्याच्या मोबाईलवर होते. परंतु पासबुक गावी कपाटात होते आणि बँकेत नोंदवलेला दुसरा संपर्क क्रमांक त्याच्या वडिलांचा असल्याने खात्याचे सगळे संदेश उसाच्या फडात उभ्या असलेल्या माणसाला जात होते, आणि तो ते वाचत नव्हता. मुलगा खर्च करत होता, पण खाते पाहत कोणीच नव्हते. संदेश मुलाच्या क्रमांकावर वळवून घेणे आणि पासबुक गावाहून मागवणे, ही दोन कामे मी सर्वांत आधी करून घेतली.

त्यानंतर मी त्याला माझ्या नोकरीतील एकच सवय लावायचे ठरवले. रोखपालाचा दिवस रोकड जुळल्याशिवाय संपत नाही. शंभर रुपये कमी भरले तर ते पदरचे घालावे लागतात, हे बाहेरच्यांनाही ठाऊक असते. शंभर रुपये जास्त भरले तरी घरी जाता येत नाही, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते. ते पैसे कोणाचे तरी असतात, उद्या तो काउंटरवर येणार असतो, आणि तोवर ती रक्कम वेगळी नोंदवून ठेवावी लागते. नव्या रोखपालाला कमी पडलेल्या रकमेची भीती लगेच कळते. जास्तीच्या रकमेची भीती वाटू लागायला दोन-तीन वर्षे जातात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाचा जेवायला आला की खात्याचा उतारा छापून घेऊन येई, आणि आम्ही शिसपेन्सिलीने प्रत्येक नोंदीसमोर तिचे कारण लिहीत असू. पहिला उतारा नऊ पानांचा होता, आणि त्यातील बहुतेक ओळी दहा-वीस रुपयांच्या चहाच्या होत्या. तो म्हणाला की यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या रकमांसाठीचे मोबाईलमधले पाकीट, सुरू केले तर या बारीक नोंदी उताऱ्यात येणारच नाहीत. खरे आहे, सोय चांगली आहे. पण जो खर्च आपल्याला पाहायचा आहे तोच नजरेआड करण्यात शिकणाऱ्या मुलाचा फायदा काय, हे मला आजही पटलेले नाही. नऊ पानांतून बरेच काही निघाले. एका मनोरंजन ॲपची चाचणी मुदत संपली होती आणि त्याचे शुल्क दरमहा आपोआप कापले जात होते. पाच-पाचशे करून एटीएममधून वारंवार पैसे काढल्याने मोफत व्यवहारांची मर्यादा ओलांडून त्याचेही शुल्क पडले होते. ही सगळी नावेच्या बाजूची, म्हणजे खात्यातून गेलेल्या पैशांची, ओरड त्याला चटकन समजली आणि तीन महिन्यांत उतारा चार पानांवर आला.

चौथ्या महिन्यात जमेच्या बाजूला बावीस हजारांची एक नोंद दिसली, आणि दुसऱ्याच दिवशी नावेच्या बाजूला वीस हजारांची. पेन्सिल त्याच्या हातात होती आणि तो ती ओळ ओलांडून पुढे निघाला होता.

“ही कसली?”

“मावशी, ते माझे नाहीत. रूमवरच्या मुलाच्या ओळखीतल्या एकाचं खातं बंद पडलंय म्हणून माझ्या खात्यावर घेतले. वीस पुढं पाठवले, दोन मला ठेव म्हणाला.”

“मग ओळीसमोर काय लिहिणार?”

तो बराच वेळ गप्प बसला. फसवून काढलेले पैसे आधी अशाच कोणा विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि तेथून पुढे सरकतात. तक्रार झाली की माग काढत येणाऱ्या पोलिसांना पहिले नाव त्या विद्यार्थ्याचेच मिळते. हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याला आधी राग आला आणि मग घाम फुटला. सोमवारी शाखा उघडताच आम्ही जाऊन घडलेले सगळे लेखी दिले, उरलेल्या दोन हजारांना हात लावला नाही आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. तरीही तीन आठवड्यांनी परराज्यातील एका तक्रारीवरून खाते गोठवले गेले. त्यात त्याचे स्वतःचे सहा हजार तीनशे रुपये अडकले, आणि मेसचे बिल नेमके त्याच आठवड्यात भरायचे होते. पोलिसांकडे उतारा आणि ती पोच सादर करून खाते मोकळे होईपर्यंत साडेतीन महिने गेले. तक्रारीच्या आधीची तारीख असलेली ती पोच नसती, तर प्रकरण कितपत लांबले असते याचा विचार मी करत नाही. मेसचे पैसे मी दिले, पण उसने म्हणून, आणि तसे त्याच्याकडून वहीत लिहून घेतले.

नावेच्या बाजूला अनोळखी ओळ दिसली तर मात्र रविवारची वाट पाहायची नसते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ सालच्या नियमांनुसार, चूक बँकेची नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार येत नाही. पिन किंवा ओटीपी आपणच कोणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले असते. संदेश वडिलांच्या नव्हे तर मुलाच्या मोबाईलवर यायला हवेत, असे मी म्हणते ते या तीन दिवसांसाठी. फसवणूक झाल्याचे दिसताच १९३० या क्रमांकावरही लगेच तक्रार नोंदवावी. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे तर आमच्या घरी आता माझी ऐंशीची आईसुद्धा पाठ म्हणून दाखवते.

भाचा आता शेवटच्या वर्षाला आहे आणि गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात उमेदवारी करतो. गेल्या महिन्यात त्याने उताऱ्यातील जमेची एक ओळ दाखवली. रक्कम एक्केचाळीस रुपयांची होती आणि पुढे व्याज असे छापलेले होते. बँकेनेच लिहिले आहे म्हणून मी पुढे जायला निघाले, तर तो म्हणाला, “पण एक्केचाळीसच का?” बचत खात्याचे व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर मोजले जाते, एवढे सांगून मी कागद पुढे ओढला. तीन महिन्यांची रोजची शिल्लक मांडून बेरीज करायला आम्हाला जेवणानंतरचा सगळा वेळ लागला, आणि चहाला उशीर झाला. उत्तर चाळीस रुपये ब्याऐंशी पैसे आले, तेव्हा त्याने त्या ओळीसमोर पेन्सिलीने खूण केली.