रिपीट

मनमाडच्या पोराला रिव्हेट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो: लोखंडी पत्रे एकमेकांना जोडणारी, डोकं असलेली जाड खीळ. रेल्वेच्या वर्कशॉपात पुलांचे गर्डर, म्हणजे लोखंडी तुळया, बनायच्या आणि आमच्या वर्गात कुणाचे वडील, कुणाचे मामा तिथेच कामाला. सगळे रिव्हेटला रिपीट म्हणत. त्यामुळे इंग्रजीच्या बाई ‘रिपीट’ म्हणाल्या की मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. बाईंना कारण कधी कळलं नाही. बाई, आज सांगतो, आम्ही तुम्हाला हसत नव्हतो.

नववीत, १९८३ साली, विज्ञान प्रदर्शनासाठी मी पुठ्ठ्याचा पूल केला. ६० फुटी प्लेट गर्डर, खऱ्याच्या २४ पट लहान, म्हणजे साधारण ७६ सेंटिमीटर. बुटांच्या खोक्यांतून कापून जोडलेला. कार्यानुभवाच्या सरांनी तो उचलून डोळ्यांसमोर आडवा धरला.

“छान. पण हा कशाच्या जोरावर उभा आहे?”

“फेव्हिकॉलच्या, सर.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर हिशोब मांडला. रिपीट २२ मिलिमीटर जाडीचा, त्याचं डोकं सुमारे ३५ मिलिमीटरचं, भागिले २४. आला दीड मिलिमीटर. “एवढे ठिपके उठव,” म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले.

आईच्या शिवणाच्या डब्यातली दातेरी चाकी आधी फिरवून पाहिली, तर कागदाला सरळ भोकंच पडली. मग संपलेली रिफिल सापडली. लग्नपत्रिकेचा गुळगुळीत जाड कागद सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यावर पालथा ठेवायचा, मागून रिफिल दाबायची, की पुढे गोल टपोरं डोकं उठतं. अंतर सारखं राहावं म्हणून सरांनी मिलिमीटरच्या घरांचा आलेखाचा कागद दिला. तो पाठीवर चिकटवायचा आणि दर चौथ्या घरावर दाबायचं. खऱ्या पुलावर ते सुमारे १०० मिलिमीटर होतं. एका ओळीत १९० च्या आसपास डोकी. तीन संध्याकाळी मी तेवढंच केलं आणि मग पट्टी गर्डरवर चिकटवताना अंगठा घासला. सगळी डोकी सपाट! रडायचाच बाकी होतो. उपाय नंतर सुचला: मागच्या खळग्यांत आधी फेव्हिकॉल भरायचा, तो कडक वाळू द्यायचा आणि मगच पट्टी लावायची.

हे सगळं झाल्यावर शेजारच्या काकांना पूल दाखवला. ते वर्कशॉपात रिपीट मारायचे. भट्टीत लाल केलेला रिपीट भोकात घालायचा, मागून एकाने डोली, म्हणजे टेकू द्यायचा जड लोखंडी ठोकळा, दाबून धरायची, पुढून डोकं वळायचं. निवताना तो आकसतो आणि पत्रे आवळून धरतो. हे ते इतकं सहज सांगत की जणू पोळ्या लाटण्याबद्दल बोलताहेत. पूल बघून म्हणाले, “याला कांजण्या आल्यात का रे?”

कारण मी जागा दिसेल तिथे रिपीट उठवले होते. गर्डरच्या उभ्या पत्र्याच्या मधोमध दोन ओळी होत्या, निव्वळ शोभेच्या. काकांनी तिथे नख ठेवलं. “इथे कोणता पत्रा कशाला जोडलाय?” मला सांगता येईना. मग त्यांनी माझ्याच वहीत काढून दाखवलं. मधला उभा पत्रा, त्याच्या वर-खाली कडेला अँगल, म्हणजे काटकोनात वळलेल्या लोखंडी पट्ट्या, अँगलवर आडव्या प्लेटा, आणि पत्रा फुगू नये म्हणून मध्ये मध्ये उभे अँगल. रिपीट फक्त तिथे, जिथे एकावर एक येतं. पुढे आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला आजवर एकाही मॉडेलवाल्याने आपण होऊन सांगितलेली नाही. गर्डर टोकांना टेकलेला असतो, तिथे कातरणारा जोर जास्त, म्हणून तिथे रिपीट जवळ जवळ. मधल्या भागात विरळ चालतात. मी टोकांच्या पट्ट्या सोलून काढल्या आणि तीन-तीन घरांवर नव्याने उठवल्या. शोभेच्या ओळी पुसल्या, म्हणजे कोऱ्या कागदाखाली झाकल्या.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. ते ज्वालामुखीला गेलं. धूर निघायचा ना त्यातून.

मी आता नाशिकला असतो. नोकरी संपल्यापासून इंजिनं, डबे, पूल करतो, सगळं कोऱ्या कागदापासून. प्लॅस्टिकची शीट आली, पितळी पत्रा आला, तरी लग्नपत्रिका मी टाकत नाही. घरात त्यावरून बोलणी खातो. रंग मात्र पातळच द्यावा, आणि दोनदा. एकदा घाईने जाड हात मारला आणि महिन्याभराचं काम रंगाखाली बुजलं.

गेल्या वर्षी शाळेत आलो तेव्हा प्रयोगशाळेच्या कपाटावर तो पूल होता. धूळ पुसली. एका टोकाला, खालच्या बाजूला, एक ओळ चार-चार घरांवरचीच राहून गेली आहे. काकांनी पूल चांगला दोन्ही हातांत फिरवून पाहिला होता. त्यांच्या नजरेतून सुटली, की त्यांनी सोडून दिली, कोण जाणे.

— माजी विद्यार्थी, दहावी, १९८५